गारठलेल्या दह्याचा रविवार

येत्या रविवारी या घरात मिसळ येणार नाही, असं मी बुधवारी जेवताना जाहीर केलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आता कोल्हापुरात राहून असं बोलणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. रविवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन कोपऱ्यावरून मिसळीचा कट आणणं, हे गेली सतरा वर्षं माझं घरातलं एकमेव अधिकृत काम आहे. (दुसरं काम गॅस सिलिंडरचा नंबर लावायचं होतं. ते मुलीनं मोबाइलवर काढून घेतलं.) त्यामुळे अनुजाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचा, भाकरी मोडणारा हात तिथंच थांबला.

"मग काय खायचं?"

"फ्रोजन योगर्ट! वर फळं! परदेशात सगळे सकाळी हेच खातात."

"कोण करणार?"

"मी."

अनुजा हसली नाही. तिनं फक्त मोनाकडं, आमच्या अकरावीतल्या मुलीकडं बघितलं. मोनाचा दोष एवढाच, की तिनं मला तो व्हिडिओ दाखवला होता. ताटात पांढरंशुभ्र घट्ट दही पसरलेलं, त्यावर लाल, पिवळी, हिरवी फळं, रात्रभर फ्रीजरमध्ये, आणि सकाळी चिक्कीसारखे कडाकड तुकडे! ना गॅस, ना फोडणी. मी तो व्हिडिओ एकोणीस वेळा बघितला. या पदार्थात जळण्यासारखं काहीच नव्हतं हो! (मी आजवर दूध जाळलंय, पोहे जाळलेत, एकदा तर नुसतं पातेलंच जाळलंय.) हा पदार्थ देवानं माझ्यासाठीच काढला, अशी माझी खात्री पटली.

"पण रविवारी आण्णा असणार आहेत," अनुजा म्हणाली.

"उत्तम! त्यांनाही खाऊ घालू!"

इथं आण्णांबद्दल सांगायला हवं. आण्णा म्हणजे माझे सासरे, आकाराम. राधानगरीकडचे. चार म्हशी, थोडा ऊस, आणि तरुणपणी नावाजलेले पैलवान. वय त्र्याहत्तर, पण अजून हात मिळवला की माझी बोटं दिवसभर एकमेकांना चिकटून राहतात. माझं नाव अमरसिंह. हे नाव ऐकून आण्णांनी मुलगी द्यायला होकार दिला आणि मग मला प्रत्यक्ष बघितलं. तेव्हा ते जे गप्प झाले ते लग्नाच्या दिवशी माझ्या डोक्याला फेटा बांधतानाच बोलले, "डोस्कं लईच बारकं हाय की."

त्यानंतर माझ्या डोक्यावर फेटा म्हणून चढला नव्हता. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. आमच्याकडं वर्षाला दहा-बारा सत्कार होतात. प्रत्येक सत्कारात फेटा, शाल, श्रीफळाचं तबक धरून जो माणूस कोपऱ्यात उभा असतो, तो मी. फोटोत माझं कोपर येतं. खोटं कशाला सांगू, आपल्याही डोक्यावर एकदा कुणीतरी मानाचा फेटा बांधावा, असं मला फार वाटायचं. निदान आण्णांसमोर तरी.

आणि या रविवारी आण्णांचाच सत्कार होता. ते ज्या जोतीराम तालमीत घडले, त्या तालमीला शंभर वर्षं झाली होती. जुन्या मल्लांचा मान सकाळी दहा वाजता. आण्णांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की बेचाळीस वर्षांपूर्वी खासबागेच्या मैदानात कुस्ती मारल्यावर जो फेटा त्यांना बांधला, तोच डोक्यावर घालून ते येणार. नवा नाही, भाड्याचा नाही. तोच.

शनिवारी संध्याकाळी आण्णा एसटीनं आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तीन लिटरच्या किटलीत म्हशीचं दही. मी किटलीचं झाकण उघडलं आणि मला अक्षरशः भरून आलं. असं दही! चमचा उभा राहील असं!

"आण्णा, उद्या याचं फ्रोजन योगर्ट करतो!"

"म्हंजे काय ओ पावणं?"

"दही गोठवायचं. बर्फासारखं. वर फळं."

आण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजे गारठल्यालं दही."

"हां… तसंच."

"चांगल्या दह्याला कशापायी त्रास द्यायचा?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून काहीतरी काढून अनुजाच्या हातात दिलं. "सकाळी इस्त्री मार गं याला." आणि जेवून आठच्या आत झोपले.

काय दिलं ते मी बघितलं नाही. (इथं वाचकांनी मनातल्या मनात 'अरेरे' म्हणायला हरकत नाही.) मी आंबे कापण्यात गुंग होतो. कपिलतीर्थ मंडईतून मी दोन आंबे, एक डाळिंब आणि तीन किवी आणले होते. व्हिडिओतल्या निळ्या बोरांसारख्या फळाला मंडईत कुणी ओळखेना, म्हणून त्याऐवजी काळ्या मनुका.

अनुजा मोनाला घेऊन भजनाला गेली. घरात मी आणि माझा पदार्थ. व्हिडिओतली बाई म्हणाली, दह्यातलं पाणी काढा. त्यात काय, श्रीखंडाला चक्का टांगतात तसं! मी फडकं शोधायला लागलो. ओट्यावर नाही, मांडणीवर नाही. आणि तेवढ्यात खुर्चीवर घडी घातलेलं एक मऊसूत, जुनं, विरविरीत, फिकट पांढरं कापड दिसलं. ज्याचा रंग धुऊन धुऊन केव्हाच गेलाय असं. मी ते गालाला लावून बघितलं. यापेक्षा चांगलं फडकं कोल्हापूर जिल्ह्यात नसेल!

मी ते उलगडायला लागलो. उलगडतोय, उलगडतोय, फडकं काही संपेना. स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून परत स्वयंपाकघर. मला वाटलं, सासूबाईंचं एखादं जुनं लुगडं उभं फाडलेलं दिसतंय. वा! काय काटकसरी माणसं! मी त्याच्या चार घड्या केल्या, दही ओतलं, गाठ मारली आणि नळाला टांगलं. किटलीत थोडं उरलं, ते राहू दिलं.

दोन तासांत पाणी गळून असा चक्का झाला, की मला एकट्यालाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. व्हिडिओतल्या बाईनं ताटात कसलासा कागद अंथरला होता, म्हणजे वडी चिकटत नाही. तो कागद आपल्याकडं कुठला? मी डोकं चालवलं. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी या दोन शब्दांनंतर येतात.) फडकं तसंच ताटात ठेवलं आणि त्यावरच चक्का पसरला. मध, आंबा, किवी, डाळिंब, मनुका. फ्रीजरमध्ये आदल्या आठवड्याच्या तांबड्या रश्श्याचा डबा होता. त्याचा वास लागू नये म्हणून उरलेलं लांबलचक फडकं वरून दुमडून दुमडून पांघरलं. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं. आणि फ्रीजरचं दार लावलं.

मला झोप कसली येतेय! सकाळी सहाला मी उठून बसलो. सातला अनुजाचा आवाज.

"आण्णांचा फेटा कुठाय?"

"कुठला फेटा?" मी विचारलं. मनापासून विचारलं.

"अहो, काल खुर्चीवर ठेवला होता. इस्त्रीला. घडी घालून."

फेटा म्हणजे रंगीत, कडक, तुऱ्याचा, हेच डोक्यात धरून मी अत्यंत तत्परतेनं शोधायला लागलो. पलंगाखाली बघितलं. वॉशिंग मशीनमध्ये बघितलं. आंघोळ करून, धोतर-सदरा घालून आण्णा बाहेर आले आणि हॉलच्या मध्यभागी उभे राहिले.

"घावला का?"

"घावतोय, आण्णा," अनुजा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. आण्णा कपाळावर हात फिरवत राहिले. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी शाळेत पाटी हरवलेल्या मुलासारखा दिसत होता. मला फार वाईट वाटलं. आणि वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो,

"असं करू, आधी नाष्टा करू! पोटात गार पडलं की डोकं चालतं. मोना, चमचे आण!"

आणि मी थाटामाटात ताट आणून टेबलावर ठेवलं. धाडकन आवाज झाला. वरच्या घड्या बर्फानं कडक झाल्या होत्या. मी एकेक करून पापड उचलावा तशा उचलल्या. आणि आत! काय रंग हो! पांढऱ्यावर केशरी, हिरवा, लाल. व्हिडिओपेक्षा भारी! मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं, कौतुकासाठी.

कौतुक नव्हतं. अनुजाचा हात तोंडावर होता. मोना म्हणाली, "बाबा…" आणि हातातले चमचे टेबलावर ठेवले.

आण्णा पुढं आले. कापडाच्या काठावर, आंब्याच्या फोडीशेजारी, लाल दोऱ्याचा बोटभर रफू होता. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला.

"ह्यो टाका चिमणाबाईचा हाय," ते म्हणाले.

चिमणाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. जाऊन सहा वर्षं झाली. त्या कुस्तीच्या दिवशी गर्दीत फेटा खिळ्याला अडकून फाटला, तो त्यांनी घरी आल्या आल्या हाताला मिळेल त्या दोऱ्यानं शिवला होता. ही गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकली होती. फेटा मात्र मी कधी जवळून बघितला नव्हता. लोकांच्या डोक्यावरचे फेटे बघत बसलो, घरातला बघितला नाही.

"पावणं," आण्णा हळू म्हणाले, "ह्ये काय केलंसा?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला रडायला आलं. खरंच सांगतो. मी म्हणालो, "आण्णा, मला मारा."

"मारून काय उपेग? मोडशिला." त्यांनी घड्याळ बघितलं. "आट वाजलं. दहाला जायाचं हाय. काडा भाईर त्यो."

मी जोर लावून दह्याची वडी ओढायला गेलो. आण्णा खेकसले, "ओढू नगासा! टाका उसवंल!"

"गरम पाण्यात घालू?" अनुजा.

"आंब्याचा रंग बसंल त्यात. न्हाय."

"माझा हेअर ड्रायर आणू?" मोना.

"आणि दही उडंल भिताडावर. न्हाय." आण्णांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग मोनापुढचा चमचा उचलला. "खावा."

"काय?"

"खावा म्हणतोय. फेट्यापतूर खावा. हळूहळू. कापडाला चमचा लावू नगासा."

आणि मंडळी, आम्ही चौघं त्या ताटाभोवती बसलो आणि कामाला लागलो. मी डाळिंबाच्या बाजूनं, अनुजा किवीच्या बाजूनं, मोना मनुकांच्या. आण्णांनी आंब्याची बाजू कुणाला दिली नाही, कारण रफू तिथं होता. पहिला घास घेतल्यावर त्यांच्या दातांना झणका बसला. "आयायाय!" म्हणून त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या घासाला एकच डोळा मिटला. तिसऱ्याला म्हणाले,

"दही माजं हाय म्हणून बरं लागतंय."

"होय आण्णा."

"पर येक कमी हाय. अनुजा, कांदा-लसणाची चटणी आण बगू."

"आण्णा, यात मध आहे!" मी कळवळलो.

"तुमी गप बसा की ओ."

चटणी आली. आण्णांनी चिमूटभर भुरभुरली आणि चाखली. मग अनुजानं चाखली. मग मोनानं. मग (लाज सोडून सांगतो) मी. आंबा, मध, म्हशीचं दही आणि वर झणझणीत चटणी! नाद खुळा! जीभ गार आणि कान गरम! पंधरा मिनिटांपूर्वी ज्या घरात सुतक आल्यासारखं झालं होतं, तिथं चमच्यांची मारामारी सुरू झाली. "माझ्या बाजूला येऊ नको!" "बाबा, तुम्ही दोनदा घेतलंत!" "आरं थांबा, टाका दिसायला लागला!"

पावणेनऊला आम्ही तळ गाठला. शेवटचा पातळ थर आण्णांनी नखानं इतका हळुवार सोडवला, की मी श्वास धरून बसलो. रफू सुटला. सगळा शाबूत, लाल, जागच्या जागी. आण्णांनी तो कापडासकट कपाळाला लावला, आणि अनुजानं पदर डोळ्याला लावला. मग फेटा थंड पाण्यातून दोनदा काढला, पिळला नाही, नुसता दाबला. वाळवायला वेळ नव्हता.

"आण्णा, ओलाच बांधणार?"

"तर! ह्योच बांदणार म्हणून सांगितलंय."

तालमीच्या अंगणात मांडव घातलेला. वैशाखाचं ऊन, वर पत्रा, पंखे दोन आणि माणसं चारशे. स्टेजवर दहा-बारा जुने मल्ल नव्या, कडक खळीच्या फेट्यांत उकडून निघत होते. घाम पुसून पुसून त्यांचे टॉवेल भिजले. आणि मध्ये आमचे आण्णा, ओला, गारेगार फेटा डोक्यावर घेऊन, महाबळेश्वरला बसल्यासारखे निवांत. शेजारचे मल्ल हळूहळू खुर्च्या त्यांच्याकडं सरकवायला लागले, हे मी डोळ्यांनी बघितलं.

मग पिराजी वस्तादांनी माइक घेतला. वस्ताद आण्णांपेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी ती कुस्ती सांगितली, तो फेटा सांगितला आणि शेवटी म्हणाले, "या फेट्यावर आमच्या चिमणावहिनींचा टाका हाय. त्या आज पायजे हुत्या."

आणि तेवढ्यात आण्णांच्या कपाळावरून एक थेंब ओघळला. मग दुसरा. उभ्या आयुष्यात ज्या माणसाला कुणी रडताना बघितलं नव्हतं, त्याच्या दोन्ही गालांवर धारा! सगळ्या मांडवानं डोळे पुसले. मागच्या रांगेत बायका हुंदके द्यायला लागल्या. फक्त मी पहिल्या रांगेत घाबरून बसलो होतो, कारण डाव्या गालावरचा थेंब पांढरा होता. घडीत कुठंतरी दही राहिलं होतं! आण्णांनी जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्याला लावलं, चव घेतली आणि माझ्याकडं बघितलं. (उजव्या गालावरचा थेंब मात्र पाण्यासारखा होता. त्याबद्दल मी आजवर कुणाला बोललो नाही.)

मग आण्णा माइकपाशी गेले. आता चारशे माणसांसमोर सांगणार, असं धरूनच मी चाललो.

"मला बोलाया येत न्हाय," आण्णा म्हणाले. "येवडंच सांगतो. ह्यो फेटा आज या डोस्क्यावर हाय, आणि डोस्कं गार हाय, ते आमच्या पावण्यांमुळं. रातभर त्यांनी फेट्याची लई काळजी घेतली. पाक गुंडाळून ठिवला हुता."

"कुठायत पावणं?" वस्ताद ओरडले. "वर या! आणा रं एक फेटा!"

मी वर कसा गेलो, मला आठवत नाही. वस्तादांनी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर फेटा बांधला. गुलाबी! कडक! तुरा वीतभर! फोटो निघाला आणि या वेळी कोपर नाही, सगळा मी! हलगी कडाडली. माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं एक बटण गेलं. तबक धरून कोपऱ्यात कुणीतरी उभा होता, त्याच्याकडं बघून मी मुद्दाम मान हलवली.

घरी येताना मी सरळ रस्त्यानं आलो नाही. गल्लीतून, मग मागच्या गल्लीतून, मग पुन्हा पहिल्या गल्लीतून. तीन ओळखीच्यांनी विचारलं, "काय अमरसिंह, कुणाचं लग्न?" मी म्हणालो, "सत्कार." काय गोड शब्द आहे हो!

दारातच अनुजा उभी. "काढा."

"राहू दे की थोडा वेळ."

"पावणं, काडा," आतून आण्णांचा आवाज आला. त्यांचा स्वतःचा फेटा गच्चीत सावलीला वाळत होता आणि त्याच्याखाली ते खुर्ची टाकून राखणीला बसणार होते. त्याआधी त्यांनी माझा फेटा हातात घेतला. काठ चाचपला. उजेडाकडं धरून वीण बघितली, म्हैस पारखावी तशी.

"कापड झ्याक हाय," ते अनुजाला म्हणाले. "खळ गेली की पानी झराझरा गळंल. किटलीत लिटरभर दही ऱ्हायलंय न्हवं? टांग यात. पुन्ना ह्यांनी माज्या फेट्याला हात लावाया नगो."

मी काही बोलायच्या आत कात्री आली. अनुजानं माझ्या सत्काराचे चार तुकडे केले. एक धुऊन नळाला दही घेऊन लटकला. एकानं ओटा पुसला जातो. एक मोना सायकलला वापरते. चौथा मला मिळाला, कारण पुढच्याच रविवारपासून पुन्हा मिसळ सुरू झाली, आणि कटाचा डबा धरताना माझा हात भाजतो.

तर मानाचा फेटा माझ्या डोक्यावर एकूण पन्नास मिनिटं होता. हातात मात्र दर रविवारी असतो.